न आलेला मेसेज

जिल्हजचा, म्हणजे बकरी ईदच्या महिन्याचा, चांद दिसला की मी नखं कापायची थांबते. ज्याच्या घरी कुर्बानी असेल त्यानं ती होईपर्यंत दहा दिवस नखं-केस कापू नयेत, असा आमच्यात रिवाज आहे. दहा दिवसांत नखं ती किती वाढणार? पण मी पडले शिक्षिका. बोटं सतत डोळ्यांसमोर असतात, कधी खडू धरलेली, कधी वहीवर टेकलेली. नखांची पांढरी कड दिसायला लागली की मी हात पदराआड घेते. पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी ती कड बघून ईद जवळ आली म्हणून बरं वाटायचं. आता तीन वर्षं झाली, ती कड दिसली की मला एक फोन आठवतो आणि त्या फोनवर मी अब्बांना वाचून दाखवलेला एक मेसेज आठवतो. तो मेसेज तोपर्यंत आलेलाच नव्हता.

आमची ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. त्यामुळे तिला स्वतःचा असा ऋतू नाही. लहानपणी ती पावसाळ्यात यायची, अंगणात चिखल आणि त्यात बोकडांच्या खुरांचे ठसे. डी.एड.ला होते तेव्हा ती थंडीत यायची. कलेजीच्या वाटीतून निघणारी वाफ मला अजून दिसते. आता ती सरकत सरकत मे महिन्यात आली आहे. गेवराईचा मे म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्यालाच कळेल. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, फक्त हायवेवरून वाळूचे हायवा ट्रक धडधडत जातात आणि त्यांची धूळ आमच्या बदामाच्या झाडावर बसते. ऊसतोडीच्या कोयत्यावरून परतलेली माणसं झाडाखाली निजलेली असतात. मला मात्र या दहा दिवसांत दुपारी झोप लागत नाही. तीन वर्षांपूर्वी ती ईद जूनच्या शेवटी होती. पाऊस लांबला होता आणि पेरण्या खोळंबल्या होत्या. उन्हाळा हटायला तयार नव्हता. ईद तेव्हापासून सरकली, पण मी त्याच दुपारी बसून आहे.

अब्बा बकऱ्यांचे दलाल. म्हणजे होते. गेवराईपासून सिरसाळ्यापर्यंत एकही बाजार त्यांनी सोडला नसेल. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहायचं, हातावर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली दोघांची बोटं धरून भाव ठरवायचा. चार लोकांत तोंडानं आकडा बोलायचा नाही. लहानपणी मला तो रुमाल फार गमतीचा वाटायचा. मी एकदा विचारलं होतं, "अब्बा, रुमालाखाली काय करता?" तर म्हणाले, "खरं बोलतो." घरात आमची दखनी उर्दू चाले, पण भाव, भांडण आणि खरंखोटं यांची वेळ आली की अब्बा मराठीत शिरायचे. बाजारानं शिकवलेली ती मराठी. मी पुढे शाळेत मुलांना मराठी शिकवायला लागले, तरी अब्बांच्या मराठीपुढे माझी मराठी इस्त्री केलेली वाटायची.

कुर्बानीचं जनावर निवडायचं तर अब्बांनीच. नातेवाईक तालुक्यातून निरोप पाठवत, की चाचा, येऊन एकदा नजर टाका. कान फाटका नको, शिंग मुळातून मोडलेलं नको, लंगडं नको, डोळ्यात फूल नको. मग ते बोकडाचा जबडा धरून ओठ वर करत आणि दात बघत. पुढचे दोन दात पक्के आले असतील तरच हुंकार भरत. आमच्या घरचा बोकड ते आठ-दहा महिने आधीच भागुजीकडून आणत. भागुजी देवकते हा आमच्याकडे पिढीजात जनावरं देणारा मेंढपाळ. चौथी शिकलेला, पांढरं मुंडासं, बोलायला लागला की थांबत नाही. अब्बा त्या बोकडाला स्वतःच्या हातानं सुबाभळीचा पाला भरवायचे, खरारा करायचे, पण त्याला नाव ठेवायचे नाहीत. ईदच्या दिवशी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. डोळ्यांत पाणी यायचं, तेही पुसायचे नाहीत. म्हणायचे, "जीव लागला न्हाई तर कुर्बानी कशाची?"

असा माणूस हजला निघाला. अम्मी आधीच गेली होती, नवरा गेल्यापासून मी अब्बांकडेच राहत होते. त्यांची सगळी कागदपत्रं मीच केली. बीडला हजयात्रेकरूंचं शिबिर झालं, त्यालाही मीच घेऊन गेले. तिथं शिकवणाऱ्यांनी समजावून सांगितलं. मक्केजवळच्या मिनात दहा तारखेला आधी मोठ्या शैतानाला खडे मारायचे, मग कुर्बानी, मग डोक्याचे केस काढायचे, मग एहराम सोडायचा. एहराम म्हणजे त्या दोन न शिवलेल्या पांढऱ्या चादरी. त्या अंगावर आहेत तोवर डोकं झाकायचं नाही, केस-नख तोडायचं नाही, अत्तर-साबण लावायचं नाही. हा क्रम आमच्या हनफी पंथाच्या लोकांनी मोडायचा नाही. आणि कुर्बानी स्वतः करायची नाही. लाखो माणसं, कुठं जाणार जनावर धरायला? कूपन घ्यायचं. कूपन घेतलं की तुम्ही वकील नेमला, तो तुमच्या नावानं कुर्बानी करणार आणि झाली की मोबाइलवर मेसेज येणार. मेसेज आला की केस काढा.

अब्बांनी हात वर केला. "जनावर बघायला मिळंल का?"

"नाही चाचा. तुमच्या वतीनं वकील बघतो."

"दात कोन बघनार?"

सगळे हसले. अब्बा हसले नाहीत. परतीच्या एसटीत पाडळसिंगीच्या टोलनाक्यावर ते म्हणाले, "शमीम, जल्मभर लोकांचा वकील म्हनून म्या दात बघितले. आता माझं जनावर कोन बघनार, त्याचं तोंडबी ठावं न्हाई." मी म्हटलं, "अब्बा, सगळ्यांचं तसंच असतं." वर थोडं चिडूनच म्हटलं. मला तेव्हा त्यांचा तो हट्ट म्हाताऱ्या माणसाची कटकट वाटली होती.

कूपनाच्या अर्जावर मोबाइल नंबर लिहायचा होता. अब्बांचा साधा फोन तिकडे चालणार नव्हता, तिथलं सिम तिथं गेल्यावर मिळणार होतं. मग अब्बा म्हणाले, "तुझा लिही. तुला आला काय, मला आला काय." मी माझा नंबर लिहिला. एवढी एक साधी गोष्ट. वकिलाचा निरोप मक्केहून निघून गेवराईला माझ्या फोनवर येणार आणि मी तो उचलून परत मिनाला सांगणार. दोघांच्या मधे उभं राहायचं काम त्या दिवशी माझ्याकडे आलं होतं, पण ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

तो दिवस मला वासांनी आठवतो. तिकडे दहा तारीख होती; आमच्याकडे चांद एक दिवस उशिरा दिसल्यानं ईद दुसऱ्या दिवशी होती, म्हणून घरात आल्या-लसणाचा वास. सुऱ्या धार लावून आलेल्या, त्यांच्या तेलाचा वास. बदामाखाली बांधलेल्या बोकडाचा वास, त्यानं अर्धवट टाकलेल्या पाल्याचा वास. मी ईदच्या आदल्या दिवसाचा रोजा धरला होता. घसा कोरडा, डोकं ठणकत होतं, आणि उद्यासाठी मसाला वाटत होते. वीज गेलेली, म्हणून पाट्यावर. पहिला फोन सकाळी अकराला आला. अब्बांच्या खोलीतले सोबती, अंबाजोगाईचे रहीम चाचा, त्यांच्या फोनवरून.

"शमीम, खडं मारून आलो. आला का मेसेज?"

"नाही अजून."

"बरं. म्या बसतो."

मग तासातासाला. मग अर्ध्या तासानं. "आला का?" "नाही अब्बा." "फोन नीट चालू हाय नव्हं?" "चालू आहे." "रेंज?" "आहे हो अब्बा." प्रत्येक वेळी वाटणाचा हात धुवायचा, पुसायचा, फोन उचलायचा. मागे तंबूतला कालवा ऐकू यायचा, कुणीतरी मोठ्यानं हसत असायचं. बाकीच्यांचे मेसेज येत होते. ते केस काढून, अंघोळ करून, शिवलेले कपडे घालून हलके झाले होते. अब्बा एकटे चादरीत बसून होते.

दुपारी पावणेपाचच्या सुमारास रहीम चाचांनी स्वतः फोन केला. आवाज दबका होता. "बेटी, तुझा बाप कुनाचं ऐकंना. मघाशी पान्याला गेलता, उन्हात चक्कर आली. धरून आनलं. डोकं उघडं, रुमालबी टाकू देईना. पायाला फोड आलाय, त्यात साखर. आमी म्हनलं, काढा केस, हुईल कुर्बानी. तर म्हनतो, पोरीनं सांगितल्याबिगर न्हाई." मागून अब्बांचा आवाज आला, "इकडं आन फोन."

"आला का गं?"

मी "आला" म्हणाले.

इथं मला थांबावंसं वाटतं. तीन वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते काळजीनं तोंडून निघालं. उन्हात माणसं पडत होती, त्या बातम्या मी सकाळपासून बघत होते. पण खरं सांगायचं तर त्यात कंटाळाही होता. हाताची आग होत होती, रोजा लागला होता, आणि बाराव्यांदा तोच प्रश्न ऐकून मी वैतागले होते. काळजी किती आणि वैताग किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"वाच," अब्बा म्हणाले.

मला वाटलं होतं, एका शब्दात भागेल. पण अब्बा दलाल होते. कुणाच्या एका शब्दावर त्यांनी व्यवहार पुरा केला नव्हता. मग मी वाचलं. हातात फोन नव्हताच, तो कानाला होता. समोर मसाल्याचा पाटा होता आणि पाट्याकडे बघत मी, मुलांना शुद्धलेखन घालते त्या स्वच्छ आवाजात म्हणाले, "आदरणीय हाजी साहेब, आपली कुर्बानी अदा करण्यात आली आहे. अल्लाह कबूल करो."

"किती वाजता?"

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजत आले होते. तिकडची वेळ अडीच तास मागे. मी मनात वजाबाकी केली, थोडं मागे ठेवलं आणि म्हणाले, "दुपारी दोन वाजता."

पलीकडे अब्बांनी मोठ्यानं शुक्र अदा केला. रडत होते. म्हणाले, "शमीम, लई उपकार झाले तुझे." आणि रहीम चाचांना ओरडून सांगितलं, "वस्तरा काडा!"

संध्याकाळी रोजा सोडला आणि उरलेला मसाला वाटून संपवला. मेसेज येईलच आता, म्हणून फोन उशाशी घेऊन पडले. येईल, आणि त्यात दोनच वाजलेले असतील, असं काहीबाही वाटत राहिलं. सकाळ झाली. ईदची नमाज झाली. अब्बांनी हातानं वाढवलेला बोकड त्यांच्या नावानं झाला, त्याच्या पाठीवर हात ठेवायला कुणी नव्हतं. मी परातीत तीन वाटे करत बसले होते, एक घरचा, एक नात्यातला, एक गरिबांचा, आणि ओट्यावर फोन वाजला. हात रक्तानं माखलेले. बोटाच्या पेरानं उघडला. इंग्रजीत दोन ओळी. कुर्बानी झाली होती. त्या दिवशी सकाळी. अब्बांनी केस काढून, अत्तर लावून, एक अख्खी रात्र गेल्यानंतर.

मी तो मेसेज पुसून टाकला. फोनवर बोकडाच्या रक्ताचा ठसा राहिला, तोही पुसला.

अब्बा परतले तेव्हा त्यांच्या डोक्यावर नुकते पांढरे खुंट फुटले होते. घरात गर्दी. जमजम, म्हणजे मक्केतल्या विहिरीचं पवित्र पाणी, वाटायचं काम माझ्याकडे. भागुजी मुंडासं काढून दारात बसला, दोन्ही हातांच्या ओंजळीत त्यानं जमजम घेतलं आणि डोळ्यांना लावलं. अब्बा सगळ्यांना तीच गोष्ट सांगत. काबा बघितल्याची गोष्ट थोडक्यात, आणि ही लांबवून. "सगळ्या तंबूत म्या एकटा एहराममधी. लोकं म्हनं काढ, काढ. म्या म्हनलं, पोरगी सांगंल तवाच. अन् पोरीनं मेसेज अक्षर न अक्षर वाचून दावला, तवा वस्तरा लावला. माझा हज कुनी पुरा केला म्हनाल, तर हिनं." लोक माझ्याकडे कौतुकानं बघत. भागुजी म्हणाला, "ताई, पुन्यवान हाव तुमी." मी जमजमचा कॅन उचलून आत गेले. कुणीतरी म्हणालं, पोरगी लाजली.

कितीदा तरी सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. एकदा मशिदीतल्या हाफिज साहेबांना विचारलं, एका ओळखीच्या बाईंच्या वडिलांचं असं झालंय म्हणून. त्यांनी मान हलवली. क्रम मोडला म्हणजे दम लागला, म्हणजे चुकीच्या भरपाईची आणखी एक कुर्बानी, तीही तिकडे मक्केच्या हरमच्या हद्दीतच. मी मोबाइलवर शोधत बसले. दुसऱ्या इमामांच्या मतानं क्रम मागेपुढे झाला तरी चालतं, असं एके ठिकाणी सापडलं. ते मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालं. पण अब्बांचे इमाम ते नव्हते. आपल्या सोयीनं बापाचा मसलक, म्हणजे पंथ, बदलायचा, हे काही माझ्याच्यानं झालं नाही.

आणि मग अब्बांची नजर गेली. साखरेनं खाल्ली. आधी एक डोळा, वर्षभरात दुसरा. माणूस उजेडात आहे की सावलीत, एवढंच त्यांना कळतं. बाजार सुटला. मग आमचा नवा परिपाठ सुरू झाला. सकाळी मी पेपर वाचून दाखवायचा. आधी बाजारभाव, मग तालुक्याची बातमी, कुणाचा वाळूचा हायवा धरला, बिंदुसरा धरणात पाणी किती उरलं, मग निधनवार्ता. औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं. लाइटबिल वाचायचं. "वाचून दाखव," अब्बा म्हणायचे आणि कान पुढे करून बसायचे. मी एखादी बातमी कंटाळून गाळली तर त्यांना कधीच कळलं नसतं. मी एकही ओळ गाळत नसे. तेव्हापासून मी त्यांना अक्षर न अक्षर खरं वाचून दाखवत होते आणि त्यानं काहीही भरून येत नव्हतं.

यंदा माझ्या शाळेतल्या नसीमबाजी आणि त्यांचे मियाँ हजला निघाले. बाजी विश्वासाच्या. त्यांना मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी. म्हटलं, तिकडे अब्बांच्या नावानं एक दम देऊन या, ते इथं कुणाला कळायला नको. बाजी शाळेच्या व्हरांड्यात उभ्या होत्या, उन्हाळी सुट्टीआधीचा निकालाचा शेवटचा तक्ता भरून झाला होता. त्या म्हणाल्या, "शमीम, ते हयात आहेत. त्यांच्या वतीनं कुर्बानी करायची तर वकील त्यांनी नेमायला हवा. त्यांना न सांगता मी दिली, तर ती त्यांची कशी होईल?"

म्हणजे सांगावं लागणार होतं. नाहीतर अब्बांचा हज असाच, कुठंतरी उसवलेला, त्यांच्याबरोबर मातीत जाणार होता. आणि त्यांना ते कधीच कळणार नव्हतं, फक्त मला कळणार होतं.

मी दुपारी सांगितलं. अब्बा बदामाखाली खाटेवर बसले होते, भिंतीला टेकून. मी खाली फरशीवर. पंखा बाहेर ओढून आणला होता, तो गरम हवाच फेकत होता. मी सांगत गेले आणि अब्बा माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "किती वाजता म्हनली व्हतीस?"

"दोन."

"अन् खरी कवा झाली?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

अब्बांनी हात वर नेला आणि डोक्यावरून फिरवला, केस नसल्यासारखा. "म्या अत्तर लावलतं," ते म्हणाले. "रहीमची बाटली व्हती. त्याच अंगानं काब्याभवती तवाफ केला."

मी रडायला लागले. म्हटलं, "तुम्हाला चक्कर आली होती, अब्बा. मला भीती वाटली."

"भ्या वाटलं तर ‘न्हाई आला’ म्हनायचं व्हतं. म्या बसलो असतो." मग म्हणाले, "मेसेज आलाय एवढं बोललीस, ते समजतो म्या. पर वाचून कावून दावलास गं? न्हाई त्यो मेसेज वाचलास?"

मी पंख्याचं तोंड त्यांच्याकडे फिरवलं. त्यांनी आवाज चढवला असता, शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं. पण ते एवढंच म्हणाले, "आंधळं जनावर डोळस म्हनून म्या कवा कुनाच्या गळ्यात मारलं न्हाई." हे त्यांनी मला ऐकवायला म्हटलं असं मला वाटत नाही. ते स्वतःशीच हिशोब तपासत होते, आपलं कुठं चुकलं म्हणून.

संध्याकाळी नसीमबाजींना फोन लावायला सांगितला. मी सुरुवात करणार तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला. "माझ्या हातात दे." फोन कानाला लावून स्पष्ट, बाजारातल्यासारखे म्हणाले, "बाजी, म्या शेख अमीन. माझ्या दमाचं वकील म्या तुमच्या मियाँला करतो. जनावर बगून घ्या म्हनावं. दोन दाती हाय का, ते ओठ वर करून बगा. अन् झाल्यावर मला कळवा." मग फोन माझ्याकडे न देता खाटेवर ठेवला.

चांद दिसला. मी नखं कापायची थांबले. दहा दिवस अब्बा जेवले, नमाज पढले, माझ्याशी बोललेही. पाणी दे, चादर दे, ऊन इकडं आलं का. सकाळी पेपर यायचा. मी घेऊन बसले की म्हणायचे, "डोस्कं दुखतंय, ऱ्हाऊ दे." मी त्यावर विश्वास ठेवला. मे महिन्यात कुणाचंही डोकं दुखू शकतं.

अब्बांची नजर गेल्यापासून आमचा बोकड भागुजीकडेच वाढे; ईदच्या आदल्या दिवशी भागुजी तो घेऊन आला. काळा, कपाळावर पांढरा टिक्का. अब्बांनी त्याला जवळ घेतलं, कान चाचपले, शिंगं चाचपली, ओठ वर करून बोटानं दात मोजले. "हां," म्हणाले. भागुजी ऊन, चारा, कारखान्यावरून आलेल्या पोराचं लगीन, असं काय काय सांगत पाणी पीत होता. तेवढ्यात माझा फोन वाजला. नसीमबाजींचा मेसेज होता, मराठीत. मी वाचला. मी धावतच खाटेपाशी गेले.

"अब्बा, झाली! आत्ताच बाजींचा मेसेज आला. ऐका..."

"थांब," अब्बा म्हणाले.

मी थांबले.

"भागुजी, तू वाच."

भागुजी माझ्याकडे बघायला लागला. "हाजीसाब, ताई तर मास्तरीन हायेत. आन् म्या चौथी. म्या कशाला?"

"तू वाच," अब्बा पुन्हा म्हणाले. आवाज अजिबात वाढला नव्हता.

मी फोन भागुजीच्या हातात दिला. त्यानं बंडीतून चष्मा काढला, एका काडीला दोरा बांधलेला. फोन लांब धरला, मग जवळ धरला. अक्षरावर बोट ठेवायला गेला तर ओळ वर सरकली, ती मला खाली आणून द्यावी लागली. मग तो वाचायला लागला, एकेक अक्षर जुळवत, पहिलीतलं पोर वाचतं तसं. "चा...चा. तु...मच्या ना...वाची कु...र...बानी झाली. स...काळी सा...डे न...ऊ. यां...नी सोता उभं ऱ्हाऊन... जना...वर बगि...तलं. दोन दा...ती. का...न, शिंग, डो...ळा निर...दोस." बोकड दाव्याला हिसका देत होता. हायवेवर एक हायवा गेला, तो जाईपर्यंत भागुजी थांबला आणि मग शेवटची ओळ वाचली. "आ...ता निर्धा...स्त ऱ्हावा."

"पुन्ना वाच. किती वाजता?"

"साडेनऊ, हाजीसाब."

अब्बांनी दोन्ही हात तोंडावरून फिरवले. खूप वेळ हात तोंडावरच ठेवले. भागुजीनं फोन मला परत दिला आणि माझ्याकडे न बघता बोकडाचं दावं सोडून पुन्हा बांधलं, ते आधीच नीट बांधलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ईद झाली. अब्बा त्या काळ्या बोकडाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, डोळे गळत होते. वाटे झाले, माणसं येऊन गेली. दुपारनंतर मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांची नखं कापली. त्यांनी हात माझ्या हातात दिला, एकेक बोट सैल सोडलं. कातर बोटाला लागेल की काय, असं त्यांना एकदाही वाटलं नाही. मला वाटलं, सरलं. मी माझीही नखं कापली, अंगण झाडलं आणि सकाळचा पेपर घेऊन आले.

"अब्बा, वाचून दाखवू? डोकं दुखतंय का?"

"न्हाई," अब्बा म्हणाले. "डोस्कं बरं हाय. ऱ्हाऊ दे तिथं. बाजारच्या दिवशी भागुजी येईल की."

मी पेपरची घडी केली आणि त्यांच्या उशाशी ठेवली. बाजाराला अजून पाच दिवस होते.